पिंपावर बसवलेला माणूस

आमच्या पेठेतल्या चौकात तालमीच्या भिंतीला एक मोठा काळा फळा आहे. कुणाचं रक्षाविसर्जन किती वाजता, कुणाच्या पोरीला बारावीत किती टक्के पडले, उद्या पाणी येणार की नाही, आणि येणार नसेल तर महापालिकेच्या नावानं चार खडे बोल, असं सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतं. मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. निवृत्त झालो तसा तो फळा आपसूक माझ्याकडं आला. अक्षर चांगलं, चित्र काढता येतं आणि जीभ तिखट, एवढी लायकी त्याला पुरते. सकाळी दूध आणायला निघालेली माणसं फळ्यापुढं थांबून "आज मास्तरनी कुणाची काढली?" असं एकमेकांना विचारायची, तेव्हा मी समोरच्या चहाच्या गाड्यावर पाठमोरा उभा राहून ऐकायचो. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

आमच्या शेजारच्या घरात, माडीवर, एक जोडपं भाड्यानं राहायचं. तो गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपाचा मॅनेजर होता. मूळचा गडहिंग्लजच्याही पलीकडचा, सीमेवरच्या गावचा. घरात कानडी, बाहेर मराठी. मला अण्णा म्हणायचा आणि माझ्या बायकोला अक्का. गावाहून आला की कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आधी आमच्या घरी, मग त्याच्या घरी. बोलताना चष्मा कपाळावर चढवायची त्याला सवय होती. इतकी वर्षं राहूनही पेठ त्याला पावणंच म्हणायची. प्रेमानं म्हणतात, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या उन्हाळ्यात तेलाची ओढाताण सुरू झाली. लांब कुठल्या समुद्रात लढाई पेटली, बोटी अडकल्या, टीव्हीवर रोज नकाशे दिसायला लागले. आमच्या पेठेला नकाशाशी काय देणंघेणं. पण पंपावर टँकर आधी दिवसाआड यायला लागला, मग कधी यायचा, कधी नाही. रांगा रस्त्यावर आल्या. गल्लीतली पोरं, जी कोपऱ्यावरनं कोथिंबीर आणायलासुद्धा बुलेट काढतात, ती रांगेत गाडीवर बसून मोबाइल बघत बसायला लागली.

आमच्याकडं संध्याकाळी दुधाचा कट्टा भरतो. म्हशी येतात, समोर धार काढतात, आणि फेसाळ पेला हातात घेऊन पेठ जगाचा निकाल लावते. त्या कट्ट्यावर एका संध्याकाळी आमचा पावणा आला. पेला हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. मला म्हणाला, "अण्णा, जरा सांगा की सगळ्यास्नी. वरनंच तेल कमी याय लागलंय. एकदम टाक्या भरू नका, डब्यातनं न्हेऊ नका. थोडं थोडं घेतलं तर सगळ्यास्नी पुरंल."

तालमीचे अध्यक्ष तिथंच होते. त्यांचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळं तेल या विषयात आपला शब्द शेवटचा, असं त्यांचं मत. ते म्हणाले, "ओ पावणं, तेल काय संपतंय व्हय? आमच्या बापानं गाडी पळवली, आमी पळवतोय, आमची पोरं पळवणार. उगंच घाबरं करू नका."

"तेल जमिनीतनं काढत्यात, अध्यक्ष. एकदा काढलं की तितकं कमी झालं. ही म्हस न्हवं, रोज सांजच्याला पान्हा सोडायला."

कट्टा हसला. मीही हसलो. तो दूध पिऊन गेल्यावर एकजण म्हणाला, "ह्येला काय झालं आज? वरनं शिकवून पाठवलंय वाटतं." दुसऱ्यानं सांगितलं की कर्नाटकात दर वेगळा आहे, हा तिकडचाच, टँकर कुठं वळतात ते त्याला विचारा. बोलण्यात काही पुरावा नव्हता, पण ऐकायला चटकदार होतं. माझा शेजारी टँकर वळवणारा माणूस नाही हे मला माहीत होतं. मी पेला विसळून ठेवला आणि घरी आलो.

त्याच दिवसांत माझी लेक बाळंतपणाला आली होती. दिवस भरत आलेले, आमची गाडी डिझेलची, टाकी अर्धी. मी गोडेतेलाचा रिकामा कॅन घेऊन दुपारी पंपावर गेलो. पंपाला दोरी बांधलेली होती आणि पोरं सावलीला बसली होती. माझ्या हातातला कॅन पावण्यानं बघितला. मला मागं घेऊन गेला, जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडलं आणि मोजायची लांब पितळी पट्टी आत सोडली. वर काढली तेव्हा फक्त टोक ओलं होतं.

"बगा अण्णा. ह्येच्यात ॲम्ब्युलन्स आन् आगीचा बंब. एवढं राखायचा वरनं हुकूम हाय. बाकी कोरडं."

ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, हे मुद्दाम सांगून ठेवतो. बघायला वाकलो होतो, तो सरळ झालो आणि म्हणालो, "लेकीचे दिवस भरलेत रे."

त्यानं चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडं बघितलं आणि कॅन भरून दिला. "नियमात बसत न्हाय. पोरीसाठी देतोय," म्हणाला. पैसे घेऊन रीतसर पावतीही दिली.

तिथं थांबलो असतो तर मी हे लिहायला बसलो नसतो. पुढच्या आठवड्यात टँकर आल्याचं कळलं, तसा मी दुसरा कॅन घेऊन गेलो. मग तिसरा. दोन्ही वेळा लेकीचंच नाव पुढं केलं. तिसऱ्या वेळी तो नुसतं नोझल कॅनात धरून उभा राहिला. आणि लेकीचा दवाखाना आमच्या घरापासनं हाकेच्या अंतरावर. कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी काढली, पोचलो, नातू झाला, परत आलो. गाडीतल्या टाकीला त्या फेरीचा पत्ताही लागला नाही. कॅन जिन्याखाली राहिले, वर जुनी चादर टाकलेली. वास यायचा. कुणी विचारलं तर मी सांगायचो, टर्पेंटाइनचा आहे, चित्रं काढतोय. चित्रकलेच्या मास्तराला असली सोय असते.

मी एकटाच असा होतो असं नाही. त्या दिवसांत गल्लीत कुठल्याही दारावरनं गेलं तरी तो वास यायचा. कुणी विचारत नव्हतं, कुणी सांगत नव्हतं. टँकर यायचा, पंपावरनं तेल नाहीसं व्हायचं आणि संध्याकाळी सगळे कट्ट्यावर विचारायचे, तेल जातंय कुठं.

मग एकदा पंपावर 'स्टॉक नाही'ची पाटी लागलेली असताना कुणीतरी तिथं ॲम्ब्युलन्समध्ये डिझेल भरताना बघितलं. झालं. त्या संध्याकाळी कट्ट्यावर दुधापेक्षा आवाज जास्त उकळत होता. "म्हंजे हाय की! न्हाय म्हणतोय आन् भरतोय!" अध्यक्ष माझ्याकडं वळले. "मास्तर, उद्या फळ्यावर कायतरी जळजळीत येऊ द्या. पेठेला कळू दे."

मला बोलता आलं असतं. टाकीत काय आहे ते मी बघितलंय, ते कुणासाठी राखलंय ते मला ठाऊक आहे, एवढी दोन वाक्यं. पण लगेच कुणीतरी विचारलं असतं, मास्तर, तुम्ही पंपाच्या मागं कशाला गेलावता? त्या एका प्रश्नाला मी घाबरलो. आणि घाबरलेला माणूस गप्प तरी बसेल, मी तेही केलं नाही. मी म्हणालो, "बघतो."

सकाळी फळा स्वच्छ पुसला. लिहिलं: 'तेल संपलेलं नाही, तेल लपलेलं आहे. कुठं, ते पंपवाल्यालाच विचारा.' अक्षर टपोरं आलं होतं, तेवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण खाली जागा उरली होती आणि हात चालत होता. मी एक पिंप काढलं. पिंपावर मांडी ठोकून बसलेला एक माणूस काढला. नुसता माणूस फिका वाटत होता, म्हणून त्याच्या कपाळावर चष्मा चढवला. दोन गोल, मधी एक रेघ. चित्र एकदम जिवंत झालं, आणि मला, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. शाळेत एवढी वर्षं पोरांना शिकवलं की माणूस ओळखू यायला सगळं काढावं लागत नाही, एक खूण पुरते. ते मी त्या सकाळी सिद्ध करून दाखवलं.

लोक थांबले, हसले, फोटो काढून ग्रुपवर टाकायला लागले. "पावणाच की ह्यो! सेम टू सेम!" मी चहाच्या गाड्यावर पाठमोरा उभा होतो. त्यातल्या कितीजणांच्या जिन्याखाली चादरी होत्या, देव जाणे. पण शिव्या घालताना सगळ्यांचे चेहरे हलके झाले होते. माझाही झाला असणार. घरात तीन कॅन घेऊन झोपणाऱ्या माणसाला कुणीतरी दुसरा चोर लागतोच, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं असंही नाही, पण तिकडं बघायचं नव्हतं.

जरा वेळानं अध्यक्ष पंधरा-वीस पोरं घेऊन गाड्यांवरनं पंपाकडं निघाले. मी रिक्षानं मागनं गेलो. कशाला गेलो, सांगता येत नाही. थांबवायला गेलो असं म्हणायला आवडेल, पण मी पंपावर गेलोच नाही. रस्त्याच्या अलीकडं उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथं उभा राहिलो.

त्यांनी त्याला ऑफिसातनं बाहेर आणलं. कुणी मारत नव्हतं. त्याला मधी उभा करून अध्यक्ष विचारत होते, "तेल कुठं हाय?" तो सांगत होता, "टाकीत बगा की. चला, दावतो." कुणाला टाकी बघायची नव्हती. बघितली असती तर घरी जावं लागलं असतं. मग अध्यक्ष म्हणाले, "मागल्या दारानं कुणाकुणाला दिलंस? नावं सांग, सोडतो तुला."

त्यानं आजूबाजूला बघितलं आणि रस्त्यापलीकडं मी दिसलो. चष्मा कपाळावर होता, त्याला लांबचं चांगलं दिसायचं. आमची नजरानजर झाली. नाव घेतलं तर खरंच होतं. माझं वय, माझी मास्तरकी, पेठेतला माझा मान, सगळं त्या माणसाच्या जिभेवर होतं, आणि ज्या फळ्यावर मी त्याला बसवला होता त्याचा फोटो त्याच्या फोनवरही आलाच असणार.

"कुणाला न्हाय दिलं," तो म्हणाला.

एका पोरानं गाडीतनं काढलेलं जळकं ऑईल बाटलीत भरून आणलं होतं. त्यानं ते त्याच्या डोक्यावर ओतलं. काळं ऑईल केसांतनं चष्म्यावर आलं, चष्म्यावरनं गालांवर, पांढऱ्या शर्टावर. घोषणा झाल्या, व्हिडिओ झाला. पंपावरची पोरं पाण्याची बादली घेऊन धावली आणि तेवढ्यात पोलिसांची गाडी आली, तशी गर्दी पांगली. मी रसवाल्याला पैसे दिले. रस मी घेतलाच नव्हता, पण दिले.

घरी येऊन पंख्याखाली बसलो होतो तोवर दाराची कडी वाजली. दारात पावण्याची बायको होती. पदर ओला, हाताला काळं. ती कधी मोठ्यानं बोलत नाही, त्या दिवशीही बोलली नाही. "अण्णा, ह्यांच्या केसातलं निघंना झालंय. साबणानं जाईना. जरासं डिझेल असंल तर द्या की, वाटीभर. चिंधी भिजवून पुसतो."

माझी बायको माझ्या मागं उभी होती. कॅन तिच्यापासनं चार पावलांवर होते. वाटीभर डिझेल. ते दिलं असतं तर तिला कळलं असतं की आमच्या घरात आहे, आणि तिच्या तोंडून गल्लीला कळलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात निमिषात फिरलं. मी म्हणालो, "न्हाय हो वहिनी. गाडी कोरडी हाय."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. माझ्या बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही. आत गेली, खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि चपला न घालताच शेजारी गेली. बराच वेळ आली नाही. आल्यावर तिच्या नखांत काळं होतं. त्या दिवशी तिनं मला जेवायला वाढलं, पण पुढं कितीतरी दिवस कामापुरतंच बोलायची.

दुपारीच मी फळा पुसून टाकला होता. त्यानं काही होणार नव्हतं, चित्र गावभर फिरत होतं. दोन दिवसांनी पंपाच्या मालकानं त्याला घरी बसायला सांगितलं. नाव खराब झालेला मॅनेजर त्याला परवडणार नव्हता. तो गावी परत जायला निघाला. सामान टेम्पोत चढत होतं. मी खाली उतरायचं टाळत होतो, पण नातवासाठी औषध आणायला जावंच लागलं आणि बोळात तो समोर आला. केस बारीक कापलेले. चष्मा नवा होता आणि डोळ्यांवर होता.

मी काहीतरी बोलायला सुरुवात केली. काय, ते मलाही सांगता यायचं नाही. "मी... त्या दिवशी..." असलं काहीतरी. त्यानं मला पुढं बोलू दिलं नाही. इकडंतिकडं बघून आवाज खाली केला.

"अण्णा, त्या कॅनची टोपणं घट्ट लावा. उन्हाळा हाय, आन् घरात ल्हान पोर हाय. जमलं तर गाडीतच वतून टाका."

म्हणजे त्या दिवशी बायकोला आमच्या दारात त्यानंच पाठवलं होतं. ते कॅन त्यानं स्वतःच्या हातानं भरले होते. वाटीभर मिळेल, एवढा त्याला माझा भरवसा होता. ती रिकाम्या हातानं परत गेली तेव्हा तो मोरीत, डोळे मिटून, ऑईल लागलेल्या डोक्यानं बसला असेल. त्यानं तिला काय सांगितलं असेल, याचा मी अजूनही विचार करतो. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या पचवल्या असत्या. टेम्पो गेला. माझ्या नातवाचं औषध मी आणायला विसरलो आणि घरी गेल्यावर लेकीनं मला परत पाठवलं.

मे संपता संपता टँकर पहिल्यासारखे यायला लागले. रांगा मोडल्या, पोरं पुन्हा कोथिंबिरीला बुलेट काढायला लागली. एका संध्याकाळी कट्ट्यावर अध्यक्ष म्हणाले, "बगा, पावणा गेला आन् तेल आलं. दाबलंच हुतं की न्हाय?" सगळ्यांनी माना हलवल्या. टंचाई होती, हेच आता कुणाला मान्य नव्हतं. होता तो एक लबाड माणूस, आणि तो गेला.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "साठा त्याच्याकडं नव्हता. माझ्याकडं होता. जिन्याखाली तीन कॅन अजून आहेत. त्यानं भरून दिले आणि त्या दिवशी पंपावर माझं नाव घेतलं नाही."

एकजण पेल्यातल्या फेसाकडं बघायला लागला. दुसऱ्यानं उगाच म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. कुणी माझ्याकडं बघेना, तेव्हा कळलं की त्यांना खरं काय ते माझ्याइतकंच ठाऊक आहे. मग अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मास्तर, तुमचा नादच खुळा! कवा काय सोडशीला, पत्ता लागत न्हाय!"

सगळे एकदम हसले. मला त्यांना थांबवता आलं असतं. चला घरी, दाखवतो, एवढंच म्हणायचं होतं, आणि घर काही लांब नव्हतं. मी ते म्हणालो नाही. माझ्या जिवावरचं टळलं होतं. मी त्यांच्याबरोबर हसायला लागलो, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसलो.